परदेशी युद्धे आणि घरचा अर्थसंकल्प

परकीय भूमीवर सैन्य पाठवावे की तोच पैसा आपल्या देशातील शाळा, रुग्णालये आणि रस्ते यांसाठी वापरावा, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या लष्करी मोहिमेच्या वेळी नव्याने उभा राहतो आणि बहुधा एकाच रीतीने मांडला जातो : एका विमानाच्या किमतीत किती शाळा झाल्या असत्या, याचा हिशेब करून. या मांडणीचे सर्वांत गाजलेले रूप एका सेनापतीच्याच तोंडून आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपातील दोस्त सैन्याचे नेतृत्व केलेले आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर यांनी, स्टालिनच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी, १६ एप्रिल १९५३ रोजी वृत्तपत्र संपादकांच्या सभेत केलेल्या भाषणात असे दाखवले, की एका आधुनिक बॉम्बफेकी विमानाच्या खर्चात तीसहून अधिक शहरांत प्रत्येकी एक पक्की शाळा, किंवा प्रत्येकी साठ हजार वस्तीला पुरतील अशी दोन वीजकेंद्रे, किंवा सर्व सोयींनी युक्त अशी दोन रुग्णालये उभी राहू शकतात, आणि एका विनाशिकेच्या किमतीत आठ हजारांहून अधिक माणसांना नवी घरे मिळू शकतात.

या हिशेबामागे अर्थशास्त्रातील ‘संधी खर्च’ ही कल्पना आहे. एखाद्या वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या पैशांत नसून तिच्यामुळे हातची गेलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायात असते, असे ही कल्पना सांगते, आणि तिचे नैतिक बळ मोठे आहे, कारण ती डोळ्यांआड राहणारे नुकसान नजरेसमोर आणते. मात्र तिच्यात एक गृहीतकही दडलेले असते : सरकारची तिजोरी एकच असून तिच्यातला पैसा ठरलेला आहे, त्यामुळे विमान रद्द झाले की शाळा आपसूक बांधली जाईल. प्रत्यक्षात युद्धाचा पैसा उभारण्याचे मार्ग निरनिराळे असतात. कर वाढवता येतो, कर्ज काढता येते, चलन वाढवून महागाईच्या रूपाने तो लोकांकडून नकळत काढून घेता येतो, इतर खर्चाला कात्री लावता येते, किंवा सारा भार दुसऱ्याच कोणाच्या माथी मारता येतो. यांपैकी कोणता मार्ग निवडला गेला, यावर घरच्या खर्चाचे काय होणार हे अवलंबून राहते. आणि गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव एकत्र पाहिला तर असे दिसते, की युद्ध आणि लोककल्याण यांची तुलना तेव्हाच खऱ्या अर्थाने होते, जेव्हा युद्ध चालू असतानाच त्याचा पैसा नागरिकांकडे उघडपणे मागितला जातो. तो मागितला गेला नाही, तर तुलनेचा प्रसंगच येत नाही आणि घरच्या खर्चाचा बळी उशिरा, दुसऱ्याच कारणाच्या नावाखाली जातो.

हा विचार नवा नाही. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात असे प्रतिपादन केले होते, की युद्धे कर्जाऐवजी त्या त्या वर्षीच्या करांतून लढली गेली तर ती लवकर संपतील आणि सहजासहजी सुरूही होणार नाहीत, कारण त्यांचा भार लोकांना तत्काळ जाणवेल. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी ब्रिटनचे अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी याच भूमिकेतून प्राप्तिकर दुप्पट केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाकडे आकडेवारीच्या अंगाने पाहिले जाऊ लागले. येल विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ ब्रूस रसेट यांनी १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेच्या खर्चाचा अभ्यास करून संरक्षण खर्च वाढला की खासगी उपभोग, गुंतवणूक, शिक्षण आणि आरोग्य यांना त्याची झळ पोहोचते, असा निष्कर्ष काढला. पण १९८३ मध्ये डोम्के, आयकेनबर्ग आणि केलेहर यांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांची महायुद्धोत्तर तीन दशकांची आकडेवारी तपासली, तेव्हा संरक्षण आणि कल्याणकारी खर्च यांच्यात असा नियमित व्यस्त संबंध त्यांना आढळला नाही. बहुतेक काळ दोन्ही खर्च एकाच वेळी वाढत गेले होते. विकसनशील देशांबाबत एमिल बेन्वा यांनी १९७३ मध्ये याहून धक्कादायक निष्कर्ष मांडला : १९५० ते १९६५ या काळात ४४ देशांत संरक्षण खर्च आणि आर्थिक वाढ बरोबरीने वाढल्याचे त्यांना दिसले. या निष्कर्षावर पुढे कडाडून टीका झाली, कारण परदेशी मदत भरपूर मिळणाऱ्या देशांना दोन्ही गोष्टी एकदम परवडतात आणि त्यामुळे एकातून दुसरी निष्पन्न होते असा भास निर्माण होतो. रोजगाराच्या बाबतीत मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रॉबर्ट पोलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टियर यांच्या २०११ च्या गणनेनुसार एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केल्यास सुमारे ११ हजार, आरोग्यसेवेवर सुमारे १७ हजार आणि शिक्षणावर २६ हजारांहून अधिक रोजगार निर्माण होतात. युद्धामुळे कारखाने चालतात आणि माणसांच्या हाताला काम मिळते, हा समर्थनाचा जुना मुद्दा त्यामुळे फारसा टिकत नाही. काम मिळते हे खरे, पण तेवढ्याच पैशात इतरत्र त्याहून पुष्कळ अधिक माणसांना ते मिळाले असते.

आकडेवारीतून एकमुखी उत्तर मिळत नाही, म्हणून एकेका प्रसंगाकडे वळणे भाग पडते. कोरियन युद्ध हा त्यांतला सर्वांत सरळ प्रसंग. जून १९५० मध्ये युद्ध सुरू होताच अध्यक्ष ट्रुमन यांनी कर वाढवण्याचा आग्रह धरला, १९५० आणि १९५१ मध्ये करवाढीचे कायदे झाले, कंपन्यांच्या अतिरिक्त नफ्यावर वेगळा कर बसला, आणि १९५१ च्या आर्थिक वर्षात युद्ध ऐन भरात असताना अमेरिकेच्या अर्थसंकल्पात शिल्लक राहिली. किंमत लपली नाही, म्हणून तिच्यावर वादही झाला. युद्ध अप्रिय ठरले आणि १९५२ च्या निवडणुकीत ते संपवण्याचे आश्वासन देणारे आयझेनहॉवर निवडून आले. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे आधीच अडखळलेली ट्रुमन यांची राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना या काळात कायमची बुडाली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

त्याच युद्धाची झळ ब्रिटनमध्ये अधिक टोकदार रूपात दिसली. मजूर पक्षाच्या सरकारने जानेवारी १९५१ मध्ये तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जता कार्यक्रम जाहीर केला आणि १० एप्रिलच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी तोवर पूर्णतः मोफत असलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चष्मे आणि कवळ्या यांच्यासाठी निम्मी किंमत आकारण्याचे ठरवले. त्यातून त्या वर्षी मिळणार होते अवघे १ कोटी ३० लाख पौंड. ही सेवा ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि त्यांच्यासोबत पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सनही. बेव्हन यांचा आक्षेप दुहेरी होता : तत्त्वासाठी उभारलेल्या सेवेला एवढ्याशा रकमेसाठी भगदाड पाडू नये, आणि कच्चा माल व यंत्रसामग्री यांची टंचाई असताना शस्त्रांवरचा एवढा खर्च प्रत्यक्षात होऊच शकणार नाही. दुसरा मुद्दा लवकरच खरा ठरला. चर्चिल यांच्या नव्या सरकारला तो कार्यक्रम लांबवावा लागला. चष्म्यांवरचे शुल्क मात्र राहिले. युद्धासाठी केलेली कपात युद्धाबरोबर संपत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे विल्सन यांच्याच सरकारने नोव्हेंबर १९६७ मधील पौंडाच्या अवमूल्यनानंतर सुएझच्या पूर्वेकडील लष्करी तळ आवरते घेण्याचा निर्णय जाहीर केला, पण जानेवारी १९६८ च्या त्याच घोषणेत औषधांच्या चिठ्ठीवरील शुल्क पुन्हा सुरू झाले आणि शाळा सोडण्याचे किमान वय वाढवण्याचा निर्णय दोन वर्षे पुढे ढकलला गेला. सैन्य परत आले म्हणजे पैसा शाळेकडे वळतो, ही समजूत इतिहासाला फारशी मान्य नाही.

या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा व्हिएतनामच्या काळात झाली, आणि तिच्या तारखा पाहिल्या तरी मन अस्वस्थ होते. २८ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाममधील सैनिकांची संख्या ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेत असल्याचे पत्रकार परिषदेत सांगितले. ३० जुलै रोजी त्यांनी मिझुरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे जाऊन, वृद्ध ट्रुमन यांना शेजारी बसवून, ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या आरोग्य विमा योजनांच्या कायद्यावर सही केली. त्याच उन्हाळ्यात गरीब घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला होता. जॉन्सन यांना ही सामाजिक सुधारणा मनापासून हवी होती. युद्धासाठी कर मागितला, तर काँग्रेसमधील पुराणमतवादी सदस्य युद्धाला पैसा देतील आणि सुधारणांचा गळा घोटतील, अशी त्यांना भीती होती, म्हणून त्यांनी कर मागितलाच नाही. १९६५ च्या अखेरीस त्यांचे आर्थिक सल्लागार गार्डनर ॲकली यांनी करवाढीचा स्पष्ट सल्ला दिला होता, तरीही जानेवारी १९६६ च्या भाषणात राष्ट्र दोन्ही भार पेलण्याइतके समर्थ असल्याची ग्वाही देण्यात आली. १९६७ च्या आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प तर युद्ध जून १९६७ पर्यंत संपेल असे धरून बेतला होता. त्यात युद्धासाठी धरलेले सुमारे १० अब्ज डॉलर प्रत्यक्षात सुमारे २० अब्जांवर गेले.

जो कर सरकारने मागितला नाही तो महागाईने वसूल केला. १९६५ मध्ये १.६ टक्के असलेली ग्राहक किमतींतील वाढ १९६९ पर्यंत साडेपाच टक्क्यांच्या घरात गेली. ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सन यांना अखेर प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मागावा लागला आणि त्यांना ज्याची भीती होती तेच झाले : प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी खर्चकपातीशिवाय कर नाही, अशी अट घालून प्रस्ताव जवळजवळ वर्षभर अडवून धरला. जून १९६८ मध्ये अधिभाराच्या जोडीला ६ अब्ज डॉलरच्या कपातीसह कायदा झाला. तोवर दारिद्र्यनिर्मूलनाच्या कार्यक्रमांना मिळणारा पैसा त्यांच्या प्रवर्तकांनी कल्पिलेल्या प्रमाणाच्या जवळपासही पोहोचलेला नव्हता, आणि नागरी हक्क चळवळीत या प्रश्नावरून दुफळी पडली होती. ए. फिलिप रँडॉल्फ आणि बायर्ड रस्टिन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ‘फ्रीडम बजेट’ या आराखड्यात, युद्धखर्चाला हात न लावताही अर्थव्यवस्थेच्या वाढीतून गरिबी हटवता येईल, अशी मांडणी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी हा आशावाद नाकारला. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात त्यांनी दारिद्र्याविरुद्धच्या लढ्याचे बळ हे युद्ध शोषून घेत असल्याचे सांगितले, आणि जी कृष्णवर्णीय व गोरी मुले आपल्या देशात एका शाळेत बसू शकत नाहीत ती व्हिएतनाममध्ये एकत्र मारली जात आहेत, याकडे लक्ष वेधले. त्यांच्यावर त्यांच्या मित्रवर्तुळातूनही टीकेचा भडिमार झाला. किंग यांची मांडणी हिशेबाच्या दृष्टीने अपुरी असेल, पण पैशाबरोबर सरकारचे लक्ष, संसदेचा वेळ आणि जनतेची सहनशक्तीही खर्च होत असते, आणि ती कोणत्याही खातेवहीत दिसत नाही, हे त्यांनी अर्थतज्ज्ञांच्या आधी ओळखले होते.

तरीही व्हिएतनामने कल्याणकारी राज्य गिळले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मेडिकेअर आणि मेडिकेड टिकले. १९७२ मध्ये वृद्धांच्या सामाजिक सुरक्षा लाभांत २० टक्के वाढ झाली. १९६८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ९ टक्के असलेला संरक्षण खर्च सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ५ टक्क्यांच्या आसपास उतरला. ज्यांचा हक्क कायद्याने बांधला गेला होता त्या योजना वाचल्या, आणि ज्यांना दरवर्षी संसदेपुढे हात पसरावा लागे त्या उपाशी राहिल्या. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारच्या योजनांचे लाभार्थी बहुतेक वेळा सर्वांत दुर्बळ असतात.

ज्यांना मताचा अधिकारच नाही अशा लोकांकडून युद्धाचा पैसा घेतला जातो, तेव्हा काय होते, याचा धडा भारताच्या आणि विशेषतः दख्खनच्या इतिहासात आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपयांची दुष्काळ विमा तरतूद सुरू केली, तिच्यासाठी व्यापारी व कारागीर यांच्यावर परवाना कर आणि जमिनीवर वाढीव उपकर बसवला, आणि हा पैसा दुष्काळनिवारणाखेरीज कशालाही वापरला जाणार नाही अशी हमी दिली. परवाना कराविरुद्ध एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत दंगल झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि वर्षभरात हमी हवेत विरली. कर चालू राहिला, पण दुष्काळाच्या नावाने गोळा झालेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत, म्हणजे त्या वेळी मुख्यतः युद्धाकडे, वळला. १८५८ च्या कायद्यातील ५५ व्या कलमानुसार आक्रमण परतवण्याखेरीज भारताच्या सीमेबाहेरील मोहिमेसाठी भारताचा महसूल ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीविना वापरता येत नव्हता. डिसेंबर १८७८ मध्ये ती संमती, हेन्री फॉसेट आणि ग्लॅडस्टन यांचा विरोध डावलून, देण्यात आली. युद्धखर्चाचा अंदाज कोट्यवधी रुपयांनी चुकल्याचे १८८० मध्ये उघड झाले, आणि सत्तेवर आलेल्या ग्लॅडस्टन सरकारने त्यातील ५० लाख पौंडांचा वाटा उचलला. उरलेला, म्हणजे कितीतरी मोठा भाग भारतीय रयतेने भरला.

हा प्रसंग अपवाद नव्हता. १८६७-६८ ची ॲबिसिनियावरील मोहीम मुंबईहून निघाली आणि तिच्यातील भारतीय सैन्याचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून दिला गेला. १८८२ च्या इजिप्त मोहिमेचा मोठा भारही भारतावर पडला. दादाभाई नौरोजी यांनी हा अन्याय वर्षानुवर्षे मांडला आणि १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगाचे सदस्य म्हणून त्याची चौकशी करवून घेतली. याच आयोगापुढे १८९७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. गोखल्यांच्या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी विमान आणि शाळा अशी काल्पनिक तुलना न करता प्रत्यक्ष अर्थसंकल्पातील लष्कराचा आकडा आणि प्राथमिक शिक्षणाचा आकडा शेजारी ठेवले, वाढ कोठे झाली आणि कोठे झाली नाही हे दाखवले, आणि खर्च ठरवणारे व तो भरणारे भिन्न असतील तर काटकसरीची प्रेरणाच उरत नाही, हे मूळ कारण पुढे केले. २६ मार्च १९०२ च्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात, दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक राहते हे समृद्धीचे लक्षण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. वेल्बी आयोगातून शेवटी वर्षाला सुमारे अडीच लाख पौंडांचा दिलासा मिळाला, तो अफगाण युद्धाच्या एका वर्षाच्या खर्चापुढेही नगण्य होता. पण हिशेबाची जी पद्धत गोखल्यांनी घालून दिली ती आजही आयझेनहॉवर यांच्या पद्धतीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

वसाहतींचा भार सत्ताधारी देशालाही कसा पोखरतो, हे पोर्तुगालने दाखवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा हातचा गेल्यानंतरही तेथील हुकूमशहा सालाझार यांनी आफ्रिकेतील वसाहती सोडल्या नाहीत. अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथील युद्धांवर राज्याच्या खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग जाऊ लागला, पश्चिम युरोपात साक्षरता सार्वत्रिक झालेली असताना पोर्तुगालमधील जवळपास चतुर्थांश जनता निरक्षर राहिली, आणि लाखो तरुण फ्रान्सकडे निघून गेले. शेवटी २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्यातल्याच अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथून टाकली.

हस्तक्षेप न करण्यालाही किंमत असते, हे मान्य केल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही, आणि त्यासाठी १९७१ चे उदाहरण पुरेसे आहे. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या पोषणाचा भार युद्धाच्या खर्चालाही मागे टाकेल, असा युक्तिवाद त्या वेळी दिल्लीतील सामरिक वर्तुळांत के. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या अभ्यासकांनी केला. तत्कालीन अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण १९६२ ते १९६६ या काळात संरक्षणमंत्री होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांना आतून ठाऊक होता. सरकारने पैसा उघडपणे मागितला : १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले, आणि पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण कशासाठी पैसे देत आहोत हे कळत होते. युद्ध तेरा दिवस चालले आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य बांगलादेशातून परतले. निश्चित उद्दिष्ट, सीमेला लागून असलेली भूमी आणि परतीची तारीख या तिन्ही गोष्टी येथे होत्या. १९८७ ते १९९० दरम्यान श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला त्यांतली एकही लाभली नाही, आणि अकराशेहून अधिक जवान गमावून ती परत आली. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा उल्लेखही येथे अप्रस्तुत ठरू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेसाठी १९७५ मध्ये शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. स्वतःचा कर पाठीशी असल्यामुळे ती इतर योजनांसारखी तिजोरीच्या मर्जीवर राहिली नाही.

एकविसाव्या शतकातील अमेरिकेने याच्या नेमका उलट मार्ग धरला. २००१ च्या आर्थिक वर्षात तिच्या अर्थसंकल्पात १२८ अब्ज डॉलरची शिल्लक होती. सप्टेंबर २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसी यांनी इराकवरील स्वारीला १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील असे सांगितले, तेव्हा हा आकडा फार मोठा असल्याचे सांगून तो फेटाळण्यात आला आणि डिसेंबरमध्ये लिंडसी पदावरून गेले. मार्च २००३ मध्ये इराक आपल्या तेलाच्या पैशातून पुनर्बांधणीचा खर्च लवकरच स्वतः भागवू शकेल, असे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी संसदीय समितीला सांगितले. स्वारीनंतर दोनच महिन्यांनी करकपातीच्या दुसऱ्या कायद्यावर सही झाली; युद्ध सुरू असताना कर कमी करणे ही अमेरिकेच्या परंपरेतही विपरीत गोष्ट होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ज्येष्ठांच्या औषधांसाठी मोठी नवी योजना आली. म्हणजे घरचा खर्च कापला गेला नाही, उलट वाढला. कर घटले, अफगाणिस्तान आणि इराक अशी युद्धे दोन झाली, आणि २००४ ची तूट ४०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. फरक भरून काढला तो कर्जाने.

यात अर्थसंकल्पाच्या कार्यपद्धतीचाही वाटा होता. सुरुवातीची अनेक वर्षे या युद्धांचा पैसा नियमित संरक्षण अर्थसंकल्पात न दाखवता तातडीच्या पुरवणी मागण्यांतून मंजूर होत राहिला, म्हणजे ज्या मार्गाने पूर, भूकंप अशा अनपेक्षित आपत्तींसाठी पैसा दिला जातो त्याच मार्गाने. युद्धाचे सहावे वर्षही अनपेक्षित मानले गेले. पुढे ‘परदेशी आकस्मिक मोहिमा’ या नावाचे वेगळे शीर्षक झाले आणि ते २०२१ पर्यंत चालले. २०११ च्या कायद्याने सरकारी खर्चावर मर्यादा घातली तेव्हा हे शीर्षक त्या मर्यादेबाहेर ठेवले गेले, आणि संरक्षण खात्याचा नेहमीचा काही खर्चही तेथे सरकवला जाऊ लागला. घरच्या योजनांना असे मागचे दार नव्हते. १९६५ च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’मधून २०१३ च्या सरसकट कपातीत सुमारे ५७ हजार मुलांच्या जागा गेल्या, आणि त्या कपातीचे कारण म्हणून कोणी इराकचे नाव घेतले नाही.

या युद्धांचे खरे बिल अजून यायचे आहे. ब्राउन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाने २०२१ मध्ये ११ सप्टेंबरनंतरच्या युद्धांचा एकूण खर्च सुमारे ८ लाख कोटी डॉलर काढला, आणि त्यातील २.२ लाख कोटी २०५० पर्यंत माजी सैनिकांच्या उपचार व भत्त्यांसाठी लागतील असे गणित मांडले. हार्वर्डच्या लिंडा बिल्म्स यांनी जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००८ पासून हेच सांगितले आहे, की सैनिकांच्या भत्त्यांचा भार युद्धानंतर तीसचाळीस वर्षांनी शिखरावर पोहोचतो. अमेरिकेच्या १८६५ मध्ये संपलेल्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या कन्येला २०२० पर्यंत निवृत्तिवेतन मिळत होते. जखमी सैनिकाला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, त्यात कोणतीही कपात निर्लज्जपणाची ठरेल. म्हणूनच हा खर्च युद्ध सुरू होण्यापूर्वीच्या अंदाजात धरला जायला हवा, आणि तो कधीच धरला जात नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष डेव्हिड ओबी यांनी अफगाणिस्तानातील युद्धासाठी प्राप्तिकरावर अधिभार लावण्याचे विधेयक मांडले. ते मतदानापर्यंत पोहोचले नाही. १ डिसेंबर रोजी अध्यक्ष ओबामा यांनी वेस्ट पॉइंट येथे आणखी ३० हजार सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि त्यासाठी त्या वर्षी सुमारे ३० अब्ज डॉलर लागतील असे सांगितले. त्याच आठवड्यांत सेनेटमध्ये आरोग्य विम्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती आणि त्यातील प्रत्येक डॉलर कोठून येणार हे दाखवणे बंधनकारक होते. पुढच्या जुलैत वाढीव सैन्याच्या खर्चाची पुरवणी मागणी मंजुरीसाठी आली, तेव्हा मंदीमुळे नोकऱ्या जाण्याच्या बेतात असलेल्या शिक्षकांसाठी १० अब्ज डॉलर तिला जोडण्याचा प्रयत्न ओबी यांनी केला. सेनेटने ती तरतूद काढून टाकली, आणि एकूण सुमारे ५९ अब्जांचा कायदा २९ जुलै २०१० रोजी, त्यातील युद्धाच्या पैशासाठी कोणताही कर वा कपात न सुचवता, कर्जाच्या भरवशावर संमत झाला. शिक्षकांचे १० अब्ज दोन आठवड्यांनी वेगळ्या कायद्याने मिळाले खरे. पण त्या कायद्यातील पैशांची जुळवणी करून दाखवणे आवश्यक होते, आणि ती ज्या तरतुदींतून केली गेली त्यांपैकी एक होती गरीब कुटुंबांच्या अन्न कूपनांत पुढे होणारी कपात.